सुतक फिटल्यानंतर

दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडले जातात, मंडळी चार पावले मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागतात, आणि कावळा झाडावरून हलत नाही असे दिसले की घरातील एखादा वडीलधारा पुरुष पुढे होऊन, हात जोडून, सर्वांच्या समक्ष गेलेल्या माणसाशी बोलू लागतो : ‘धाकटीच्या लग्नाची चिंता करू नका, ते आम्ही पार पाडू, वहिनींना काही कमी पडू देणार नाही.’ एवढ्यानेही कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पुरा होतो. परंतु त्या विधीचे मर्म मला कावळ्याच्या स्पर्शापेक्षा त्या जाहीर वचनात दिसते, कारण भाऊबंदांच्या साक्षीने दिलेले ते वचन मृताच्या नावाने उच्चारले गेले तरी त्याचा आधार जिवंतांना असतो. मरणोत्तर चालीरीतींपैकी काय राखावे आणि काय टाकावे, हा प्रश्न आज घरोघर उपस्थित होत असताना, मागे राहिलेल्यांचा भार कोणत्या रिवाजाने हलका होतो आणि कोणत्या रिवाजाने वाढतो, एवढी एकच कसोटी मी लावू इच्छितो.

या विचारास ग्वाल्हेरीइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ 1810 साली किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावला, त्या छावणीचे लष्कर नावाचे शहर झाले, आणि सरदार, कारकून, भिक्षुक अशा मराठी कुटुंबांबरोबर त्यांचे दहावे-तेरावेही येथे आले. शिंदे घराण्याने आपल्या मृतांसाठी छत्र्या उभारल्या. शिवपुरीला महाराणी सख्याराजे यांची छत्री आणि 1925 साली पॅरिसमध्ये निवर्तलेले त्यांचे पुत्र माधवराव महाराज यांची छत्री तळ्याच्या दोन तीरांवर समोरासमोर उभ्या आहेत, आणि तेथील मूर्तींना वस्त्रे नेसवणे, नैवेद्य दाखवणे, त्यांच्यापुढे गायन करणे ही सेवा नित्यनेमाने चालत आली आहे. राजघराण्याच्या ऐपतीला शोभणारी ही स्मृती सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरची आहे. पण खुद्द ग्वाल्हेरीत स्मरणाचे दुसरेही मार्ग आहेत. तानसेनाची कबर सूफी संत महंमद घौस यांच्या मकबऱ्याशेजारी आहे. तेथे 1924 पासून भरणाऱ्या उत्सवाचा आरंभ ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथेने आणि मिलादाने होतो, आणि नंतर देशोदेशीचे कलावंत आपली हजेरी लावतात. फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीची कथा तर अधिकच हृदयस्पर्शी आहे : जून 1858 मध्ये राणी धारातीर्थी पडल्या तेव्हा आप्तस्वकीयांपैकी फारसे कोणी जवळ नव्हते, आणि बाबा गंगादासांच्या मठातील साधूंनी, मिळेल ते लाकूड व गवत गोळा करून, त्यांना अग्नी दिला असे परंपरा सांगते. रक्ताच्या नात्यावाचूनही मृताचे ऋण फेडता येते, ही शिकवण ग्वाल्हेरच्या मातीतच आहे.

आपल्या जुन्या रिवाजांतही भार हलका करणारे पुष्कळ होते. सुतकाच्या घरी चूल पेटत नसे, म्हणून शेजारी पिठले-भात घेऊन येत. यहुदी लोकांतही दफनानंतरचे पहिले जेवण शेजाऱ्यांनी आणावयाचे असते आणि सात दिवस समाज त्या घरी येऊन बसतो. दुःखी माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच्याकडून काही दिवस कशाची अपेक्षा करू नये, हे शहाणपण दूरदूरच्या समाजांना स्वतंत्रपणे सुचले आहे. याउलट मनुस्मृतीने आशौचाचे दिवसही वर्णावरून ठरवले, ब्राह्मणाला दहा आणि शूद्राला तीस. शोकासारखी मनुष्यमात्राला समान असलेली गोष्टही जन्माच्या तराजूत घालणारा हा दंडक मनातूनही पुसला गेला पाहिजे.

भार वाढवणारे रिवाज मात्र आजही टिकून आहेत. कर्ज काढून घातलेले तेराव्याचे जेवण हा त्यांतला पहिला. शेजारच्या राजस्थानने 1960 साली मृत्युभोजाविरुद्ध कायदा केला, तरी लोकलाजेपुढे कायद्याचे हात अनेकदा आखडतात. दुसरा त्याहून क्रूर : पतीचे कलेवर घरात असतानाच पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये या प्रथेविरुद्ध ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. दौलतरावांच्या मृत्यूनंतर, 1827 पासून सहा वर्षे, त्यांच्या पत्नी बायजाबाईसाहेबांनी ज्या गादीचा कारभार पाहिला, त्या ग्वाल्हेरीतील मराठी कुटुंबांना विधवेच्या कर्तृत्वाचे दाखले बाहेरून मागवण्याचे कारण नाही. आजवर येथे असे किती हात बांगड्या फोडून रिते केले गेले असतील, याचा विचार मनात आला की मला लाज वाटते.

हल्ली तीन दिवसांत सर्व आटोपण्याची वहिवाट पडत आहे. मुले दूरदेशी असतात, नोकरीत रजा मिळत नाही, घाटापर्यंत जाणे वृद्धांना झेपत नाही. ही कारणे खरी आहेत आणि दिवस कमी केल्याबद्दल कोणालाही दोष देऊ नये. दुःख याचे होते की या काटछाटीत जेवणावळ तग धरून राहते आणि घाटावरचे वचन तेवढे गळून पडते. मोबाइलवर श्रद्धांजलीचे दोन शब्द पाठवून आपण मोकळे होतो; इकडे त्या घरातली विधवा वारसा दाखला, कुटुंब निवृत्तिवेतन, बँकेचे खाते आणि विम्याचे कागद घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत एकटी फिरत असते.

म्हणून ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींपुढे माझी एक सूचना आहे. प्रत्येक मोहल्ल्यात चार जाणत्या स्त्री-पुरुषांनी हे काम अंगावर घ्यावे : मृत्यूच्या दिवशी घरात जाऊन पतिनिधन झालेल्या स्त्रीच्या कपाळाला आणि बांगड्यांना कोणी हात लावू नये हे पाहावे, तेराव्याच्या पंगतीचा खर्च नम्रपणे पण ठामपणे थांबवावा, आणि सुतक फिटल्यावर निदान वर्षश्राद्धापर्यंत त्या घराच्या कागदपत्रांची, मुलांच्या शाळेची आणि म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची विचारपूस ठेवावी. दिवस दहा पाळावेत की तीन, पिंड द्यावेत की देऊ नयेत, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडावे. परंतु ‘आम्ही आहोत’ असे चार माणसांत म्हटले असेल, तर ते शब्द पाळण्यातून कोणाचीही सुटका नाही.