सामन्याच्या रात्रीचा शेजार

क्रिकेटचा सामना दुबईत होतो आणि शांततेची चिंता यवतमाळला वाटू लागते, याचे आता कोणालाही नवल वाटेनासे झाले आहे. भारत-पाकिस्तान सामन्याच्या संध्याकाळी बाजार लवकर ओसरतो, चहाच्या टपरीवर एकाच संचापुढे चाळीस माणसे दाटीवाटीने उभी राहतात आणि शेवटचा निर्णायक फटका बसताच फटाक्यांना सुरुवात होते. इथपर्यंत तक्रार करण्याजोगे काहीच नाही. पण त्याच घोळक्यात एखादा माणूस असा असतो की, जो गरजेपेक्षा थोड्या मोठ्याने टाळ्या वाजवतो, किंवा सामना रंगात येण्यापूर्वीच काही निमित्त काढून घरी निघून जातो. तो शिंपी असेल, फळविक्रेता असेल, उर्दू शाळेतील शिक्षक असेल. त्याचा आजा याच गावच्या मातीत पुरला गेला आहे. तरीही आपल्या टाळ्या मोजल्या जात आहेत, हे त्याला ठाऊक असते. या मोजणीची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही. म्हणूनच तिचा विचार वर्तमानपत्रातून होणे अगत्याचे आहे.

दोन शेजारी राष्ट्रांमधील वैर खोटे आहे, असे म्हणण्याचा भोळेपणा कोणी करू नये. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत आशिया चषकाच्या निमित्ताने दोन्ही संघ दुबईत समोरासमोर आले. १४ सप्टेंबरच्या सामन्यानंतर भारतीय खेळाडूंनी हस्तांदोलन केले नाही. २८ सप्टेंबरला अंतिम सामना जिंकूनही पाकिस्तानी पदाधिकाऱ्याच्या हातून चषक स्वीकारला नाही. हावभावांबद्दल आणि वक्तव्यांबद्दल दोन्ही संघांतील खेळाडूंना दंड झाला. शेजारच्या अमरावतीचा जितेश शर्मा या संघात होता, त्यामुळे वऱ्हाडातील तरुणांनी ही स्पर्धा अधिकच आपुलकीने पाहिली असणार. हात मिळवावा की मिळवू नये, यावर दोन मते संभवतात. जेथे खेळायचेच ठरवले तेथे खेळाचा शिष्टाचार पाळावा आणि तो पाळणे जमत नसेल तर खेळूच नये, हे मत अधिक सरळ आहे. परंतु तो निर्णय शासनाचा आणि क्रिकेट मंडळाचा. प्रश्न त्यापुढचा आहे. दुबईच्या मैदानावर जो हात आखडला गेला, तो यवतमाळच्या गल्लीतही आखडावा, असा आदेश कोणी दिला?

आदेश कोणीच दिलेला नसतो, आणि तरीही तो पाळला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री मालवणात एका मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला. दुसऱ्याच दिवशी त्या कुटुंबाचे भंगाराचे दुकान पाडण्यात आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. घोषणा दिली गेली की नाही, हे ठरवण्यासाठी न्यायालये आहेत. दुकान मात्र न्यायालयाची वाट न पाहता पडले. याच्या उलट टोकाची एक घटना मार्च २०२४ मधील आहे. कोल्हापूरजवळच्या हणमंतवाडीत आयपीएलचा सामना पाहताना रोहित शर्मा बाद झाला म्हणून एका वृद्धाने आनंद व्यक्त केला आणि त्यावरून झालेल्या मारहाणीत त्याचा जीव गेला. तेथे ना धर्म होता, ना सरहद्द. दोन्ही बाजू मराठी, दोन्ही एकाच गावच्या. म्हणजे सामन्यातून वैर निर्माण व्हायला शत्रुराष्ट्राची गरज असतेच असे नाही. खेळात हरणे हा अपमान आहे, एवढी समजूत पक्की झाली की पुरे.

१९६९ च्या जुलैमध्ये मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि होंडुरास या दोन शेजाऱ्यांत विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांनंतर चार दिवसांचे युद्ध झाले. जगाने त्याला ‘फुटबॉल युद्ध’ असे गमतीचे नाव दिले. वस्तुतः त्यामागे होंडुरासमध्ये वसलेल्या लाखो साल्वादोरी शेतकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न होता. फुटबॉल ही केवळ काडी होती, गंजी आधीच रचलेली होती. ज्या जिल्ह्यात शेतीच्या दुःखाची चर्चा दररोज होते, त्या जिल्ह्यातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. उल्लेखनीय गोष्ट इतकीच की, चार दिवसांच्या लढाईनंतर शांततेच्या करारावर सह्या व्हायला १९८० साल उजाडले.

या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास फार दूरचा नाही. त्यातील एक महत्त्वाचे पान तर वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावरच लिहिले गेले आहे. मुंबईत युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामन्यांपासून सुरू झालेली स्पर्धा १९०७ मध्ये हिंदूंच्या प्रवेशाने तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये ‘इतर’ या नावाचा एक संघ जोडून पंचरंगी झाली. ‘इतर’ म्हणजे ख्रिस्ती, ज्यू वगैरे. ज्यांना कोणत्याच रांगेत जागा नव्हती ते. सांगलीचा विजय हजारे हा या ‘इतरां’पैकी. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध आपल्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा त्याने एकट्याने काढल्या. असा खेळाडू कोणाचा, हा प्रश्न त्या स्पर्धेच्या रचनेत विचारायलाच जागा नव्हती. हिंदू संघाची अंतर्गत गोष्टही तितकीच बोलकी आहे. चांभार समाजात जन्मलेल्या पाळवणकर बाळू यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीने हिंदूंना विजय मिळवून दिले. परंतु कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. माणसांची धर्मवार वाटणी करून खेळवलेल्या खेळात जातवार वाटणी आपोआप येते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ गांधीजींचा सल्ला घेण्यासाठी वर्ध्याला आले. विनोबांपासून सुरू झालेल्या वैयक्तिक सत्याग्रहात माणसे तुरुंगात जात होती, युरोपात युद्ध पेटले होते. गांधीजींनी दिलेल्या निवेदनाचा आशय असा होता : महाविद्यालयांनी, संस्थांनी एकमेकांशी खेळावे, हे समजण्यासारखे आहे; पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ करून खेळावे, हे समजण्यापलीकडचे आहे. निदान आयुष्याचे हे एक क्षेत्र तरी धर्मभेदापासून मुक्त असावे. मुंबईतील अनेक पत्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी हा धागा उचलून धरला. स्पर्धेच्या पाठीराख्यांचेही एक म्हणणे होते आणि ते अगदीच पोकळ नव्हते : मैदानावर हिंदू प्रेक्षक मुसलमान फलंदाजाच्या शतकाला टाळ्या देतात, मुसलमान प्रेक्षक हिंदू गोलंदाजाला दाद देतात, मग अशी स्पर्धा बंद करून सलोखा वाढणार कसा? स्पर्धा लगेच थांबली नाही. तिकिटे खपत होती, जिमखान्यांची गंगाजळी भरत होती. १९४६ मध्ये ती बंद झाली आणि प्रांतवार रणजी करंडक हीच देशाची मुख्य स्पर्धा राहिली. आज विदर्भाचा संघ त्या रणजी करंडकावर तीनदा नाव कोरून बसला आहे. त्या संघाला दाद देताना विदर्भातील कोणताही प्रेक्षक खेळाडूचा धर्म विचारत नाही. वर्ध्याच्या त्या निवेदनाचे हे फलित आहे, असा दावा कोणी करणार नाही. पण ते निवेदन चुकीचे नव्हते, एवढे नक्की म्हणता येते.

त्यानंतरच्या काळात सरहद्दीपलीकडील लोकांशी संवाद साधण्याचे काम काही नागरिकांनी अंगावर घेतले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमॉक्रसी या संघटनेत जी माणसे होती, त्यांत ॲडमिरल एल. रामदास हे एक नाव आहे. १९७१ च्या युद्धात युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेला, पुढे नौदलप्रमुख झालेला हा माणूस निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या खेड्यात राहिला आणि पाकिस्तानी पत्रकार आय. ए. रहमान यांच्यासमवेत त्याला २००४ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शांततावादी म्हणजे लढाईला घाबरणारा, ही समजूत त्याच्या चरित्रापुढे टिकत नाही. नागपूरला जन्मलेल्या, विनोबांच्या भूदानयात्रेत वर्षानुवर्षे चाललेल्या निर्मला देशपांडे यांनी कारगिलचे युद्ध संपून वर्ष उलटण्यापूर्वीच, मार्च २००० मध्ये, स्त्रियांची बस दिल्लीहून लाहोरला नेली. २००८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या अस्थींचा काही भाग सिंधू नदीत विसर्जित करण्यात आला.

या माणसांच्या धैर्याबद्दल शंका नाही. त्यांच्या मार्गाच्या एका उणिवेबद्दल मात्र बोलले पाहिजे. वाघा सरहद्दीवर मेणबत्ती लावणे सोपे नाही, हे खरे. पण स्वतःच्या आळीत, सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, एखाद्याच्या दुकानाबाहेर जमलेल्या जमावाला ‘जरा थांबा’ म्हणणे त्याहून अवघड आहे. लाहोरला जाणाऱ्या बसचे छायाचित्र छापून येते. आळीतल्या त्या दोन शब्दांचे छायाचित्र कोणी काढत नाही. शिवाय अशा संघटनांची भाषा आणि त्यांचे कार्यकर्ते बहुधा महानगरातले. आर्णी-दिग्रसच्या कारकुनाला त्यात स्वतःची ओळख पटावी कशी? सलोख्याचे काम सभागृहातून बाहेर पडून चौकात आले नाही, तर चौक दुसऱ्यांच्या ताब्यात जातो.

सामान्य प्रेक्षकावर मात्र याबाबतीत विश्वास टाकायला हरकत नसते, असे अनुभव सांगतो. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत सचिन तेंडुलकरच्या १३६ धावा होऊनही भारत १२ धावांनी हरला. त्या आधी काही दिवस दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली गेली होती. १९९१ मध्ये मुंबईच्या वानखेडेवर हेच झाले होते. अशा वातावरणात चेन्नईचे प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी जिंकलेल्या पाकिस्तानी संघाला टाळ्या दिल्या. २००४ च्या मार्चमध्ये कराचीत यजमान संघ ५ धावांनी हरला, तेव्हा तेथील प्रेक्षकांनी भारतीय संघाला तीच दाद दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला भालाफेकीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटरची फेक करून सुवर्णपदक घेतले, नीरज चोप्रा दुसरा आला. त्यावर नीरजच्या आईने अर्शदही आपल्या मुलासारखाच असल्याचे सांगितले. हरियाणातील एका शेतकरी कुटुंबातील त्या बाईने हे वाक्य कोणत्या परिषदेत शिकले नव्हते. पुढच्याच वर्षी, पहलगामच्या आधी पाठवलेल्या एका स्पर्धेच्या निमंत्रणावरून, त्याच नीरजच्या देशप्रेमावर समाजमाध्यमांत चिखलफेक झाली. त्यातून त्याची आईही सुटली नाही.

तेव्हा प्रश्न सद्भावनेच्या अभावाचा नाही, ती वेळेवर हजर राहण्याचा आहे. याबाबतीत भिवंडीचे उदाहरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या त्याआधीही होत्याच. पण त्यांत पुढारी बसत आणि पुढाऱ्यांना तणाव निवळण्यात रस असतोच असे नाही. खोपडे यांनी प्रत्येक वस्तीतले यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक अशी साधी माणसे निवडली आणि त्या वस्तीचा बीट हवालदार त्यांच्यात नेमाने बसवला. भांडण नळाचे असो की जागेचे, ते तेथे बोलले जाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या निघाल्या. वस्त्यांतील तरुण आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामने त्यांनी वर्षानुवर्षे भरवले. ज्या खेळाचे निमित्त करून माणसे दुरावतात, त्याच खेळाने त्यांना जवळ आणण्याचा हा प्रयोग होता. परदेशातही वेगळे घडले नाही. इंग्लंडमधील लेस्टर शहरात २८ ऑगस्ट २०२२ च्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर हिंदू आणि मुसलमान तरुणांत अनेक दिवस चकमकी झाल्या, तेव्हा २० सप्टेंबरला दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींनी एका मशिदीच्या पायऱ्यांवर उभे राहून एकत्र निवेदन वाचले. ते वाचेपर्यंत तीन आठवडे गेले होते, हेही खरे.

यवतमाळला हे नवे शिकावे लागणार नाही. आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या उरुसात कोण कोणत्या धर्माचा, हे यात्रेतल्या पाळण्याला ठाऊक नसते. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला दूरदूरची माणसे येतात, आणि त्या नऊ रात्रींचा बंदोबस्त व बाजार सर्वांच्या हातांनी चालतो. त्या सणांपूर्वी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, ठराव होतात. भारत-पाकिस्तान सामन्याची तारीख तर कितीतरी महिने आधी जाहीर झालेली असते. त्या तारखेआधी अशी बैठक बोलवायला कोणाची हरकत असावी? आणि बैठकीत नेहमीच्या मान्यवरांऐवजी ज्या चौकात संच लावला जातो त्या चौकातील टपरीवाला, शाळेचा क्रीडाशिक्षक, महाविद्यालयाच्या संघाचा कर्णधार आणि तो सामना संपण्यापूर्वीच घरी जाणारा शिंपी, हे लोक असावेत. क्रीडाशिक्षकांकडून तर आणखी एक काम होऊ शकते. आंतरशालेय स्पर्धांत उर्दू शाळेचा संघ एका बाजूला आणि मराठी शाळेचा दुसऱ्या बाजूला, हे दृश्य पंचरंगी स्पर्धेपेक्षा फारसे वेगळे नाही. वर्षातून एकदा दोन्ही शाळांची मुले मिसळून दोन संघ केले, तर पोस्टल ग्राउंडवर एका सकाळी त्याची सुरुवात होऊ शकते. त्याला ना अनुदान लागेल, ना मंत्रालयाची मंजुरी. दोन मुख्याध्यापकांचे एकमेकांना लिहिलेले पत्र पुरेल.