हिशेबनिसाचा पगार ‘नंतर बघू’?

इचलकरंजीत एका परिचित कापड व्यापाऱ्यांच्या गादीवर गेल्या महिन्यात बसलो होतो. असरची नमाज नुकतीच झाली होती. तेवढ्यात एक मुलगा नोकरीसाठी आला. बी. कॉम. झालेला, टॅली शिकलेला, शिवाय इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्सचा अकाउंटिंग टेक्निशियनचा दाखलाही जवळ होता. हाजीसाहेबांनी कागद पाहिले, वडिलांची चौकशी केली, चहा पाजला आणि म्हणाले, "उद्यापासून ये बेटा. पगाराचं नंतर बघू, आधी काम तर शीक." मुलाने मान डोलावली. जिना उतरताना मात्र त्याने मला हळूच विचारले, "चाचा, साधारण किती देतील?"

हा प्रश्न त्याने हाजीसाहेबांनाच विचारायला हवा होता. खरे तर त्याला विचारण्याची वेळच यायला नको होती.

आपण व्यापारी लोक भाव ठरल्याशिवाय कापडाचे एक ठाणही उचलत नाही. मग माणसाच्या कष्टाचा भाव उघडा कसा ठेवतो? फिकहमध्ये मजुरीच्या कराराचा नियम स्पष्ट आहे. काम आणि उजरत, दोन्ही आधी माहीत असली पाहिजेत. उजरत अज्ञात राहिली तर करारातच दोष राहतो. हिशेबनिसाची गोष्ट तर याहून नाजूक आहे. पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत म्हणजे सूरह बकराची 282 वी. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असे तीत सांगितले आहे, आणि लिहिणाऱ्याला नुकसान पोहोचू नये असेही बजावले आहे. जलशांतून आपण यातला पहिला हुकूम अनेकदा ऐकतो. दुसरा हुकूम पगाराच्या दिवशी आठवत नाही.

इचलकरंजी, मिरज, सोलापूर अशा गावांत नव्याने शिकून आलेल्या मुलाला 8 ते 12 हजार सांगितले जातात, मुंबई-पुण्यात 14 ते 20 हजार. हे माझ्या कानावर येणारे आकडे आहेत. यातला खालचा आकडा बहुधा आपल्याच माणसाच्या दुकानातला असतो, हे लिहिताना वाईट वाटते. भाचा आहे, मोहल्ल्यातला आहे, मशिदीत ओळख झाली आहे, म्हणून पगार कमी. ओळखीचा भार नेहमी त्या मुलानेच का उचलावा?

व्यापारी बांधवांचा एक युक्तिवाद असतो. विवरणपत्र भरायला बाहेर टॅक्सवाले आहेतच, मग दुकानात लिहिणारा कशाला इतका महाग हवा? पूर्वी हे चालत होते. रोजमेळ लिहिला, खतावणी केली, वर्षअखेरीला वह्या गाठोड्यात बांधून वकिलाकडे पाठवल्या की मुनीमजी मोकळे. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि ते दिवस संपले. आता आपण दिलेला कर वजा मिळायचा तर समोरच्या पुरवठादाराने आपले बिल त्याच्या विवरणात चढवलेले असावे लागते. दर महिन्याला पोर्टलवरचे टू-बी विवरण आणि आपली खरेदीची वही शेजारी ठेवून बिलाशी बिल जुळवावे लागते. हे काम बाहेरचा टॅक्सवाला मनावर घेऊन करत नाही. त्याच्याकडे अशी पन्नास दुकाने असतात.

एक साधा हिशेब मांडतो. समजा महिन्याची खरेदी 10 लाखांची आहे. 5 टक्क्यांनी कर झाला 50 हजार. त्यातली वीसात एक रकमेची बिले पुरवठादाराने चढवलीच नाहीत, तर महिन्याला अडीच हजार गेले आणि वर्षाला 30 हजार. जागरूक मुलगा त्याच महिन्यात फोन करून ती बिले चढवून घेतो. वर्ष उलटल्यावर पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंत हक्क मागता येतो, त्यानंतर हात चोळत बसायचे. आता 9 हजारांच्या जागी साडेअकरा हजार दिले तर वर्षाचा फरक तेवढाच, 30 हजार. म्हणजे एवढे एक काम नीट झाले तरी वाढीव पगार दुकानाच्या खिशातून जात नाही.

आणि काम एवढेच नाही. कुर्ल्याच्या भंगार व्यापाऱ्यांना विचारा. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचे भंगार घेतले तर त्यावरचा जीएसटी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाच भरावा लागतो. कापडवाल्यांसाठी 2023-24 या वर्षापासून आणखी एक नियम लागू आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या कारखानदाराचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असेल तर फार तर 45 दिवसांत द्यायचे. मुदत टळली आणि वर्षअखेर बाकी राहिली, तर ती खरेदी त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होत नाही. आपल्या यंत्रमागधारकांच्या हिताचाच हा नियम आहे, पण कोणाचे बिल कोणत्या तारखेचे, हे रोज पाहणारा माणूस गादीवर हवा. जकातीचेही तसेच. वर्षाचा साठा मोजलेला नसेल तर रमजानमध्ये अडीच टक्के कशाचे काढायचे? बहुतेक जण अंदाजाने काढतात.

आता मुलांविषयी दोन शब्द, कारण दोष एकाच बाजूला नाही. क्लासच्या जाहिरातीत 25 हजारांचा आकडा वाचून कित्येक मुले येतात. कोकणातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे दुबईचा चुलतभाऊ असतो. दुबईतही 2018 पासून व्हॅट आहे, तिथेही आधी काम काय केले हेच विचारतात. मी अशी मुले पाहिली आहेत की ज्यांना संगणकावर नोंद झटपट करता येते, पण माल परत आला तर क्रेडिट नोट कोणी काढायची हे सांगता येत नाही. बँकेची जुळवणी दोन रुपयांनी चुकली तर ते दोन रुपये सरळ किरकोळ खर्चात टाकतात. पहिल्या दिवशी असा मुलगा 20 हजारांचा नसतो. दाखल्याने दुकानाचे दार उघडते. पगार हातातल्या कामाने वाढतो, हे त्यांनीही मान्य केले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत मात्र मला व्यापाऱ्यांची कोणतीही सबब पटत नाही. आपल्या मुली आता मोठ्या संख्येने कॉमर्स शिकतात. त्यांतल्या काही घरी बसून तीन-चार दुकानांच्या वह्या सांभाळतात, आणि दुकानदार महिन्याला दोन हजार टेकवून म्हणतो, घरबसल्या मिळतात ना! तिने घरी बसून वाचवलेला कर काही कमी वाचत नाही.

त्या मुलाला मी जिन्यावर काय सांगितले? साडेअकरापासून बोलणी कर, तीन महिने परीक्षेचे मान्य कर, पण त्या तीन महिन्यांचाही आकडा ठरवून घे. नंतर टू-बीची जुळवणी कोणाला न विचारता करू लागलास की वर्षाने चौदा-पंधरा मिळावेत, हे आजच बोलून ठेव. कॉस्टच्या पुढच्या परीक्षा द्यायच्या असतील तर रजेचेही बोल. हाजीसाहेबांकडे परत जाऊन मी हेच सांगितले. ते हसले. "तुम्ही त्याचे वकील का?" म्हणाले. पण कागद मागवला आणि चार ओळी लिहिल्या. आकडा 11 हजारांवर आला.

राहिला प्रश्न लहान कारागिरांचा. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर माल विकणाऱ्याला बहुतेक वेळा जीएसटीची नोंदणीच लागत नाही, मग पूर्णवेळ हिशेबनीस कशाला? खरे आहे. पण मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरच्या मागण्या येणार असतील तर पक्की बिले, परदेशी माल पाठवण्याचे कागद, आगाऊ रकमांची नोंद हे सारे लागणारच. एका गल्लीतल्या चार कारागिरांनी मिळून एक मुलगा ठेवावा. प्रत्येकी तीन हजार म्हणजे त्याला 12 हजार होतात. आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत आणि पगाराची तारीख चौघांची एकच ठेवावी, नाहीतर त्याचा निम्मा महिना वसुलीत जाईल.