आरोग्याची गुरुकिल्ली : पायाच्या शिरा आणि सोनोग्राफीचा आकडा



यंत्रमागावरचा कामगार, वॉचमन, चौकातला हवालदार, हॉटेलातला आचारी, चार घरची धुणीभांडी करणारी आपली भगिनी, या सर्वांचा दिवस पायांवर जातो. संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याला सूज येते, पोटरीवर निळ्या वेड्यावाकड्या शिरा फुगतात. मग डॉक्टर पायाची डॉप्लर सोनोग्राफी करायला सांगतात. रिपोर्टात शिरेची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. तो आकडा पाहूनच माणूस घाबरतो. म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घेऊ या.

शीर म्हणजे लोखंडी नळ नव्हे. ती मऊ असते, आत रक्त जास्त साचले की फुगते. माणूस स्थिर उभा असताना घोट्याजवळच्या शिरेत रक्ताचा दाब सुमारे ९० असतो. तोच चालू लागला की पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात आणि दाब ३० च्या आसपास उतरतो. त्यामुळे एकाच पायाची एकच शीर झोपलेल्या अवस्थेत लहान व उभे असताना मोठी दिसते. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी ती फुगलेली असते. थंडीत ती आकसते.

काही कारणे मात्र कायमची छाप पाडतात. आईवडिलांकडून आलेला वारसा, वाढते वय, वजन आणि वर्षानुवर्षे उभ्याने केलेले काम. गरोदरपणात शिरा सैल पडतात व गर्भाशयाचा दाबही येतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचा त्रास कमी होतो, पण प्रत्येक बाळंतपणागणिक धोका वाढतो.

आता मुख्य मुद्दा. शीर मोठी म्हणजे आजार, असे नाही. शिरेत रक्त खाली येऊ न देणाऱ्या झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त उलटे फिरते. कातडीखालच्या शिरेत हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकला, तर झडप गळते असे मानतात. म्हणून रिपोर्ट हाती आल्यावर डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारा : तपासणी उभे करून केली का? झडप गळते का? नुसत्या रुंदीच्या आकड्यावर ऑपरेशनसाठी कर्ज काढू नका.

रोज एवढे करा. उभ्या कामात मधूनमधून टाचा उचला, चार पावले चाला. घरी आल्यावर पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवून पंधरा-वीस मिनिटे पडा. वजन आटोक्यात ठेवा. दाब देणारे मोजे डॉक्टरांना विचारूनच घ्या. मधुमेही व विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आधी पायाच्या रोहिण्या तपासून घ्याव्यात.

घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडली, खाज सुटली किंवा जखम भरत नसेल, तर खरूज समजून मलम चोळत बसू नका. फुगलेली शीर फुटून रक्त आले तर आडवे व्हा, पाय वर करा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी इस्पितळात जा. खाडा पडेल म्हणून थांबू नका.