जर्मनीत फी नाही, मग १२ लाख कशाला? क्वांटममधल्या मास्टर्सचा खरा हिशेब

'जर्मनीत फुकट शिका' सांगणारी रील्स तुम्हीही पाहिली असतील. त्यात आता 'क्वांटम' हा शब्दही जोडला जातोय. २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्याच वर्षीचं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना क्वांटम सर्किटवरच्या प्रयोगांसाठी मिळालं.

त्यामुळे छत्रपती संभाजीनगरमध्ये बीएस्सी फिजिक्स किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्यांना प्रश्न पडणं साहजिक आहे: मास्टर्ससाठी परदेशी जावं का? घरच्यांचा प्रश्न त्याहून सरळ असतो: पैसे किती लागतील?

शिकवतात काय?

क्वांटम मेकॅनिक्स, गणित, लेझर आणि ऑप्टिक्स, प्रोग्रामिंग, प्रचंड थंड तापमानात चालणारी सर्किट्स. शेवटी अनेक महिने प्रयोगशाळेत काम करून प्रबंध लिहायचा. म्युनिकमधली दोन विद्यापीठं २०२० पासून असा संयुक्त अभ्यासक्रम चालवतात. झुरिकच्या ईटीएचमध्ये क्वांटम इंजिनिअरिंग आहे, तर नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट आणि लायडन यांनी मिळून २०२३ मध्ये अभ्यासक्रम सुरू केला.

'फुकट'चा अर्थ काय?

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. पण व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा राहण्याचा खर्च आधी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. १ युरो म्हणजे १०० रुपये धरले तरी सुमारे १२ लाख.

हे पैसे तुमचेच असतात. तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो काढता येतात. पण निघण्याआधी ते एकरकमी उभे करावे लागतात. पगारावर किंवा शेतीवर चालणाऱ्या घराची खरी अडचण इथे सुरू होते. त्याशिवाय कागदपत्रांच्या पडताळणीसाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याचे १८,००० रुपये वेगळे.

फीसुद्धा वाढतेय. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. ईटीएचने २०२५ पासून परदेशी विद्यार्थ्यांची सेमिस्टर फी ७३० फ्रँकवरून २,१९० फ्रँक केली, म्हणजे तिप्पट.

स्कॉलरशिप मिळेल का?

मिळू शकते, पण जागा मोजक्या आहेत. अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये अनुसूचित जाती, भटक्या विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर मिळून १२५ जागा आहेत. दोन्हींत विद्यापीठाचं क्यूएस रँकिंग पाहिलं जातं. हे रँकिंग संपूर्ण विद्यापीठाचं असतं. तिथली क्वांटमची प्रयोगशाळा कितीही चांगली असली, तरी विद्यापीठ यादीत खाली असेल तर अर्ज बसत नाही.

निवड झाली म्हणजे पैसे आले, असंही नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या यादीत १०६ जण निवडले गेले. सुरुवातीला त्यातल्या फक्त ४० जणांना तात्पुरती पत्रं देण्यात आली. बाकीच्यांचं निधी उपलब्ध होण्यावर अवलंबून ठेवलं गेलं. हातात प्रवेशपत्र असलेल्या विद्यार्थ्यासाठी ही वाट पाहणं म्हणजे वर्ष पणाला लागणं.

सगळ्या प्रवर्गांसाठी खुला पर्याय म्हणजे युरोपीय संघाची इरास्मस मुंडस स्कॉलरशिप. यात फी माफ होते आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. दिजाँ, कायझर्सलाउटर्न आणि आरहूस इथल्या विद्यापीठांचा 'क्वांटीम' हा क्वांटम तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम याच योजनेतला. इरास्मस मुंडसचे बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीदरम्यान भरायचे असतात.

मग इथेच थांबायचं का?

या क्षेत्रात विद्यार्थी स्वतः पैसे भरतो ती पायरी मास्टर्सची. पुढची पायरी पीएचडीची, आणि तिथे बहुतेक वेळा विद्यार्थ्यालाच पैसे मिळतात. जर्मनी, नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बरेचदा पगारी नोकरी असते. अमेरिकेत सहसा फी माफ होऊन स्टायपेंड मिळतो.

म्हणजे एमएस्सी इथे आणि पीएचडी तिथे, हा रस्ताही त्याच प्रयोगशाळांपर्यंत जातो. मुंबईच्या टीआयएफआरमधले राजामणी विजयराघवन यांनी पीएचडी अमेरिकेत येल विद्यापीठात केली. मार्गदर्शक होते मिशेल देवोरे, म्हणजे २०२५ च्या नोबेलमधलं तेच नाव. टीआयएफआर आणि डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेने मिळून तयार केलेल्या ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झाली.

देशातही काम वाढतंय. केंद्राने १९ एप्रिल २०२३ ला ६,००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातलं क्वांटम सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. त्याच महिन्यात हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला २,६०० कोटी मंजूर झाले. लायगोच्या अमेरिकेतल्या यंत्रांमध्ये लेझर प्रकाशातला क्वांटम गोंगाट कमी करण्याचं तंत्र वापरलं जातं. म्हणजे या विषयाचा धागा मराठवाड्यापर्यंत आलाय.

हा रस्ता सोपा नाही. पीएचडीला मास्टर्सपेक्षा बरीच जास्त वर्षं लागतात आणि जागांसाठी जगभरातून स्पर्धा असते. नुसत्या मार्कांवर भागत नाही, प्रयोगशाळेतला अनुभव लागतो. तो एमएस्सी करतानाच मिळवावा लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात शिकत असाल तर सुट्टीत टीआयएफआर किंवा पुण्याच्या आयसरमध्ये प्रोजेक्टसाठी अर्ज करा. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम परीक्षा आहे.

ठरवायचं कसं?

पूर्ण स्कॉलरशिप हातात असेल, तर परदेशातलं मास्टर्स उत्तम. ती नसेल आणि घर किंवा शेत गहाण ठेवून कर्ज काढावं लागणार असेल, तर दोन वर्षं थांबून पीएचडीसाठी जाणं म्हणजे मागे पडणं नाही. आणि कन्सल्टंटने 'फ्री' म्हटलं, तर त्याला एकच विचारा: व्हिसाच्या दिवशी खात्यात किती रक्कम दाखवायची?