काढून टाकणं हीसुद्धा दुरुस्तीच

लिनक्स कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, भोकं बुजवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. हिंजवडीतल्या एका कंपनीत बसून आम्ही राउटर, बिलिंग मशीन, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर अशा डब्यांमधल्या जुन्या कर्नलला नवे पॅच बसवतो. एखादा प्रोटोकॉल कुणीच वापरत नाही, बंद करूया, असं मी बैठकीत म्हटलं की कुणीतरी अनुभवी माणूस हमखास म्हणतो, “असू द्या हो मॅडम, काय खायला मागतंय का ते?”

मागतंय. डीसीसीपीचंच घ्या.

व्हिडिओ, फोनवरचं बोलणं, ऑनलाइन खेळ अशा कामांसाठी हा प्रोटोकॉल निघाला. टीसीपीसारखा तो नेटवर्कवरची गर्दी पाहून वेग आवरतो, पण वाटेत हरवलेलं पॅकेट परत मागवत बसत नाही. कल्पना चांगली होती. २००५ च्या ऑक्टोबरात लिनक्सच्या २.६.१४ आवृत्तीत तो आला, २००६ मध्ये त्याचं मानक ठरलं. आणि जगाने आधीपासूनच्या साध्या यूडीपी प्रोटोकॉलवरच भागवून घेतलं. डीसीसीपीचा कोड मात्र बऱ्याच लिनक्स वितरणांमध्ये मॉड्यूल म्हणून पडून राहिला.

प्रोग्रामला नेटवर्कवर काही पाठवायचं-घ्यायचं असेल तर तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे सॉकेट मागतो. त्यासाठी रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार लागत नाहीत. अशाच एखाद्या साध्या यूजरने डीसीसीपीचं सॉकेट मागितलं, की अनेक मशीनवर कर्नल ते अडगळीतलं मॉड्यूल निमूटपणे मेमरीत चढवायचा. म्हणजे मालकाला ज्याचं नावही माहीत नाही असा कोड, मशीनच्या सर्वोच्च अधिकारांनिशी चालू.

२०१७ च्या फेब्रुवारीत आंद्रे कोनोवालोव्ह या संशोधकाने त्यातलं भोक जाहीर केलं. शोधलं सिझकॉलर या गूगलच्या साधनाने. ते रात्रंदिवस कर्नलवर वेड्यावाकड्या सिस्टिम कॉलचा मारा करत राहतं. भोक असं होतं. आलेलं प्रत्येक पॅकेट कर्नल मेमरीच्या एका तुकड्यात ठेवतो आणि तो तुकडा सध्या किती जणांकडे आहे याचा आकडा त्याच्यासोबत असतो. आयपीव्ही६ च्या सॉकेटवर एक विशिष्ट पर्याय चालू असला की जोडणीची विनंती घेऊन आलेलं पॅकेट दुसरीकडेही जपून ठेवलं जायचं आणि आकडा एकने वाढायचा. इथवर ठीक. पण पॅकेट हाताळणारं मूळ फंक्शन शेवटी ‘केफ्री’ जातीच्या अशा कॉलने तुकडा सोडायचं, की जो आकड्याकडे बघतच नाही. जागा मोकळी झाली, तरी दुसऱ्याला ती आपलीच वाटते; पुढे तोही ती सोडतो. एकच जागा दोनदा मोकळी. या दोन घटनांमधल्या फटीत हल्लेखोराने आपला मजकूर नेमका त्या जागी बसवला की साधा यूजर रूट होतो.

दुरुस्ती काय? आकडा एकने कमी करून तो शून्यावर आला तरच जागा सोडणारा कॉल तिथे घालायचा. एवढंच. दोन-तीन ओळींचा पॅच, आणि चूक बहुधा २००५ पासूनची.

आमच्या धंद्यात अशा पॅचचं कौतुक फार. मला त्याचं अप्रूप उरलेलं नाही, कारण चूक एकदा पकडली गेली की पुढचं काम बहुतेक वेळा सरळ असतं. केसॅन नावाची तपासणी चालू ठेवून कर्नल चालवला, की असा घोळ झाल्याक्षणी स्क्रीनभर रिपोर्ट येतो. त्यात तीन साखळ्या असतात: ही जागा कुणी घेतली, कुणी सोडली, आणि सोडल्यानंतर कुणी हात लावला. डोळे सरावलेत, त्यामुळे मी आधी सोडणाऱ्याची साखळी वाचते. सोडणारा घाईत होता की हात लावणारा उशिरा आला, हे तिथेच कळतं. हातातला चहा संपायच्या आत संशयित सापडतो.

खरं काम त्यानंतर डीसीसीपीत झालं, आणि त्याचा कुणी गाजावाजा केला नाही. त्याला सांभाळणारं कुणी उरलं नाही, म्हणून २०२१ मध्ये तो बेवारस ठरला. २०२३ मध्ये कर्नलमध्ये इशारा घातला: हा वापरत असाल तर ऐका, २०२५ मध्ये काढणार आहोत. तरी त्याचा सांभाळ करायला कुणी पुढे आलं नाही. मग कुनियुकी इवाशिमा यांनी पॅचची मालिका पाठवली आणि ६.१६ आवृत्तीत हजारो ओळी गेल्या. २०१७ चा पॅच एक भोक बुजवून गेला; या वजाबाकीने न सापडलेली सगळी भोकंही एकदम मिटली. पण नोकरीच्या अप्रेझलमध्ये ‘काय नवीन बनवलं’ असा रकाना असतो, ‘काय काढलं’ असा मी अजून पाहिलेला नाही.

रस्ट या भाषेत सगळं पुन्हा लिहा म्हणजे कटकट मिटेल, असं तरुण सहकारी म्हणतात. मायक्रोसॉफ्टने आपल्या उत्पादनांतल्या सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी मेमरीच्या असल्याचं सांगितलंय, क्रोमच्या गंभीर त्रुटींचाही हिशेब तेवढाच, आणि रस्ट त्यातल्या बऱ्याच मुळातच होऊ देत नाही. नव्या ड्रायव्हरसाठी जरूर वापरा. पण जे कुणी वापरतच नाही ते रस्टमध्ये तरी कशाला लिहायचं?

काही गोष्टी काढता येत नाहीत, हे मान्य. एकाच मशीनवरचे प्रोग्राम आपसात युनिक्स सॉकेटवरून बोलतात. ते काढलं तर मशीनच बसेल. तिथे चूक वेळेवर बुजवणं एवढंच हातात असतं, आणि तेही होत नाही. त्या सॉकेटच्या साफसफाईच्या कोडमधली एक चूक २०१६ मध्ये जाहीरपणे कळवली गेली होती. बुजली २०२१ मध्ये, अँड्रॉइड फोनवर तिचा प्रत्यक्ष वापर उघडकीस आल्यावर. पाच वर्षं! आणि त्याच २०२१ मध्ये त्याच सॉकेटला ‘आउट ऑफ बँड’ संदेशांची नवी सोय जोडली गेली, फारसं कुणाला न लागणारी. २०२५ मध्ये यान हॉर्न यांनी दाखवलं की त्या सोयीतल्या मेमरीच्या चुकीवरून क्रोमच्या बंदिस्त कप्प्यातून थेट कर्नलपर्यंत जाता येतं. चूक बुजवली गेलीच, शिवाय त्या कप्प्यातून तसे संदेश पाठवायलाच क्रोमने बंदी घातली. मला दुसरा उपाय जास्त आवडला.

‘चालू प्रोग्राम मोडायचा नाही’ हा लिनक्सचा जुना दंडक आहे आणि तो बरोबर आहे, म्हणूनच कर्नलमधून काही काढायला वर्षं लागतात. आपल्या मशीनवर मात्र तेवढं थांबायची गरज नाही. मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये एक ओळ लिहिली की नको असलेलं मॉड्यूल चढतच नाही. सीआयएस या संस्थेच्या सुरक्षा-मापदंडांत डीसीसीपी, एससीटीपी, आरडीएस आणि टीआयपीसी ही चार नावं बंद करण्याच्या यादीत कित्येक वर्षं आहेत. तरी नव्या डब्याचं कॉन्फिगरेशन उघडलं की ती चालू दिसतात, कारण चिप बनवणाऱ्याने पाठवलेली फाइल कुणी वाचतच नाही.

महापालिका, जिल्हा बँका, शाळा दरवर्षी असे डबे निविदा काढून घेतात. निविदेत रॅम किती, पोर्ट किती, वॉरंटी किती, सगळं असतं. त्यात आणखी एक रकाना हवा: कर्नलमधले कोणते प्रोटोकॉल बंद करून देणार? एससीटीपी सरसकट उडवू नका, मोबाइल कंपन्यांच्या ४जी-५जी यंत्रणेत टॉवर आणि मुख्य केंद्र यांच्यातले नियंत्रणाचे संदेश त्यावरच चालतात. शाळेच्या राउटरला त्याचा काही उपयोग नाही. जे चालू ठेवायचंय ते कुणासाठी आणि कशासाठी, हे पुरवठादाराकडून सहीनिशी लिहून घ्या.