एंटरप्राइज यान ठोकळ्यांत उभं राहिलं, राजगड उभा करायला काय लागेल?

२०१० मध्ये माइनक्राफ्ट नावाच्या गेमचा एक व्हिडिओ इंटरनेटवर खूप फिरला. तेव्हा हा गेम पूर्ण तयारही झाला नव्हता. त्यातल्या ठोकळ्यांतून एका खेळाडूने 'स्टार ट्रेक' मालिकेतलं एंटरप्राइज हे अंतराळयान पूर्ण मापात उभं केलं होतं. पुढच्या काळात अनेकांनी, अनेकदा गट करून, ही आणि अशी कितीतरी यानं बांधली.

गंमत अशी, की हे यान कधी अस्तित्वातच नव्हतं. तरी त्याचं 'खरं माप' सगळ्यांना माहीत होतं.

आता आपल्याकडे या. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाखाली १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात राजगड आहे. तो खरा आहे आणि साडेतीनशेहून अधिक वर्षं जागेवर उभा आहे. पण भोर किंवा वेल्ह्यातल्या शाळेतल्या दहा मुलांनी ठरवलं, की आपण राजगड ठोकळ्यांत हुबेहूब बांधायचा, तर त्यांचं काम यान बांधणाऱ्यांपेक्षा कितीतरी अवघड आहे.

असं का? आणि एका गेमच्या निमित्ताने हा प्रश्न विचारावा इतका तो महत्त्वाचा आहे का? समजून घेऊया.

यान ठोकळ्यांत बसतं कसं?

माइनक्राफ्टमध्ये सगळं जग ठोकळ्यांचं असतं. एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. त्यामुळे हिशोब सोपा होतो. १९८७ ते १९९४ या काळातल्या मालिकेतलं एंटरप्राइज साधारण ६४२ मीटर लांब मानलं जातं. म्हणजे गेममध्ये ते ६४२ ठोकळे लांब.

पण लांबी पुरेशी नसते. आत काय आहे, कोणता जिना कुठे निघतो, हेही लागतं. इथे चाहत्यांचं नशीब जोरावर होतं. मालिकेच्या कलाविभागातल्या रिक स्टर्नबाख आणि मायकल ओकुडा यांनी १९९१ मध्ये या यानाची तांत्रिक पुस्तिका लिहिली. १९९६ मध्ये स्टर्नबाख यांनी काढलेले यानाचे मजलेवार नकाशे विक्रीला आले. यानाचे ४२ मजले. प्रत्येक मजल्याचा आराखडा समोर ठेवायचा आणि एक एक थर रचत जायचं.

गट करून खेळताना याचा मोठा फायदा होतो. एकाने पुढची तबकडी घ्यायची, दुसऱ्याने इंजिनं, तिसऱ्याने आतल्या खोल्या. सगळ्यांकडे नकाशा एकच असल्यामुळे तुकडे एकमेकांना बरोबर जुळतात. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकच वस्तू बांधू शकतात ती यामुळे.

मर्यादा इथेही आहेतच. हाताच्या वितीएवढी भिंतसुद्धा गेममध्ये एक मीटर जाड होते, त्यामुळे खोल्या आक्रसतात. तरीही यान ओळखू येतं, आत फिरता येतं.

राजगडाचं गाडं कुठे अडतं?

राजगड वेल्हे तालुक्यात आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याला 'राजगड' हेच नाव देण्याचा निर्णय घेतला. गुंजवणे आणि पाली या गावांकडून बहुतेक ट्रेकर गड चढतात. पलीकडे भोर तालुक्यातल्या भुतोंड्याकडून येणारी वाट अळू दरवाज्यात निघते. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,३७६ मीटर. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला.

पहिली अडचण उंचीची. २०२१ नंतरच्या माइनक्राफ्टमध्ये तळापासून वरपर्यंत ३८४ ठोकळे मावतात. पायथ्याच्या गावापासून बालेकिल्ल्यापर्यंतचा चढ याहून मोठा आहे. अख्खा डोंगर खऱ्या मापात बसत नाही. यावर तोडगा निघतो. ही मर्यादा उठवणारी जोड-सॉफ्टवेअर मिळतात, किंवा फक्त माच्या आणि बालेकिल्ला घेता येतो.

खरी अडचण दुसरी आहे, मापांची.

कोणालाही मोफत मिळणारी भारतातल्या जमिनीच्या उंचीची माहिती साधारण ३० मीटरच्या जाळीत येते. इस्रोच्या 'भुवन' पोर्टलवरची कार्टोसॅट उपग्रहाची माहिती असो, की अमेरिकेच्या अंतराळ शटलने २००० साली केलेली मोजणी. ३० मीटरची जाळी म्हणजे काय? ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशा चौकोनाला मिळून उंचीचा एकच आकडा. गेमच्या भाषेत ९०० ठोकळ्यांना एकच उंची.

आता संजीवनी माची डोळ्यांसमोर आणा. तिची ओळख म्हणजे चिलखती तटबंदी. एकामागे एक अशा दोन भिंती आणि मधे अरुंद वाट. ३० मीटरच्या चौकोनात ही संपूर्ण रचना गडप होते. उरतो एक गोलसर डोंगर.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घेतला तरी तेच. त्यावर दोन मीटर जाडीची भिंत ०.०४ मिलिमीटर होते. पेन्सिलीची रेघ त्याच्या कितीतरी पट जाड असते.

सुवेळा माचीवरचं नेढं तर आणखी पेचात टाकतं. नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. उंचीच्या जाळीत प्रत्येक चौकोनाला एकच उंची असते. मग वर खडक, मधे मोकळी हवा आणि खाली पुन्हा खडक, हे लिहायचं कुठे? जाळी कितीही बारीक केली तरी नेढं बुजूनच जातं. त्यासाठी चहूबाजूंनी फोटो घेऊन किंवा लेझरने मोजून त्रिमितीय प्रतिकृती करावी लागते.

इतर देशांनी काय केलं?

ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेने २०१३ मध्ये आपला देश माइनक्राफ्टमध्ये आणला. २,२४,००० चौरस किलोमीटर, २२०० कोटी ठोकळे. ऐकायला भव्य वाटतं, पण त्यात एक ठोकळा जमिनीवरच्या ५० मीटरचा होता. घरं, भिंती काहीच दिसत नव्हतं.

डेन्मार्कने २०१४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या सरकारी संस्थेने एक ठोकळा म्हणजे एक मीटर याच मापात अख्खा देश उभा केला, घरं आणि रस्त्यांसकट. माहितीचा आकार सुमारे एक टेराबाइट. हे जमलं, कारण देशाची उंचीची बारीक मापं सरकारने आधीच सर्वांसाठी खुली केली होती. गेम हा त्या निर्णयाचा उपयोग होता.

इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये विमानातून लेझरने केलेली मोजणी मोफत खुली केली. पूर नियंत्रणासाठी केलेलं ते काम होतं. त्यातून गेम खेळणाऱ्यांनी डोंगरदऱ्या उभ्या केल्याच, पण हौशी अभ्यासकांना गवताखाली दडलेल्या रोमन रस्त्यांचे मागही सापडले. मोजणी करणाऱ्यांच्या मनातही नसलेला उपयोग लोकांनी शोधून काढला.

आपल्याकडे नियम आड येतात का?

काही वर्षांपूर्वीपर्यंत बऱ्याच अंशी, हो. नकाशे बनवायला आणि प्रसिद्ध करायला परवानग्या लागत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी ही पूर्वपरवानगीची अट काढली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं.

या सूचनांमध्ये एक मर्यादा आहे. आडव्या दिशेने एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यापेक्षा अचूक माहिती फक्त भारतीयांनीच तयार करायची आणि ती भारतातच साठवायची. माइनक्राफ्टचा ठोकळा नेमका एक मीटरचा. म्हणजे ठोकळ्यांच्या राजगडासाठी लागणारी बारकाई या रेषेवर येऊन थांबते. तिच्या पलीकडे जावं लागत नाही.

तंत्रही परकं नाही. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देणारी केंद्राची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी महाराष्ट्राने असा प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत केला होता. घराची भिंत ज्या पद्धतीने मोजता येते, त्याच पद्धतीने तटबंदीही मोजता येते.

मग जबाबदारी कोणाची? युनेस्कोच्या यादीतल्या १२ किल्ल्यांपैकी आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड, साल्हेर, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे राजगडाची मापं खुली करायची की नाही, हा निर्णय मुंबईत होऊ शकतो.

पण गेमसाठी एवढा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की तीच मापं गडालाही लागतात.

दर पावसाळ्यात सह्याद्रीतल्या गडांवर कुठे ना कुठे तट सुटतो, बुरूज ढासळतो. पडलेली भिंत पुन्हा बांधताना ती आधी कशी होती, याची अचूक नोंद हवी. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चची लेझर मोजणी आगीच्या काही वर्षं आधी झाली होती. २०१९ च्या आगीनंतर ती दुरुस्तीच्या कामी आली. नोंद आधी करावी लागते. पडझडीनंतर मोजायला काही उरत नाही.

दुसरा मुद्दा स्थानिकांचा. वारसा दर्जा आला की गडाभोवती संरक्षित पट्टा येतो. कुठे बांधायचं, कुठे नाही, पार्किंग कुठे, वाट कुठून, हे प्रश्न पायथ्याच्या गावांचे रोजचे प्रश्न होतात. संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेने माइनक्राफ्टच्या कंपनीसोबत २०१२ पासून 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम चालवला. त्यात रहिवासी आपली सार्वजनिक जागा कशी हवी, ते गेममध्ये बांधून दाखवतात. मुंबईतही हा प्रयोग झाला. कागदावरचा आराखडा न वाचता येणाऱ्यालाही ठोकळ्यांचं मॉडेल कळतं. गुंजवण्याच्या ग्रामसभेत अशा मॉडेलवर बोट ठेवून बोलता आलं, तर चर्चा वेगळी होईल.

धोके कोणते?

तीन तरी आहेत.

पहिला, नासधूस. डेन्मार्कच्या ठोकळ्यांच्या देशात काही खेळाडूंनी सुरुंग लावून इमारती उडवल्या आणि अमेरिकेचे झेंडे रोवले. संस्थेने ते भाग पूर्ववत केले. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या राजधानीच्या मॉडेलवर असं काही झालं, तर प्रकरण गेमपुरतं राहणार नाही. त्यामुळे बांधण्याचा हक्क नोंदणी केलेल्या गटांनाच, आणि मूळ प्रत वेगळी राखलेली, ही काळजी पहिल्या दिवसापासून हवी.

दुसरा धोका जास्त बारीक आहे. यानाच्या बाबतीत नकाशा हाच अंतिम शब्द. गडावर मात्र अनेक ठिकाणी फक्त जोती उरली आहेत. वरचं छप्पर कसं होतं, मजले किती होते, हा तर्काचा भाग. कोणी उत्साहाने उंच मनोरे बांधले, की काही वर्षांत तेच 'खरं' वाटू लागतं. वारशाच्या संगणकीय प्रतिकृतींसाठी असलेल्या 'लंडन चार्टर'चा आग्रह हाच आहे, की पुरावा कोणता आणि अंदाज कोणता, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. गेममध्ये हे सहज जमतं. जे आज उभं आहे ते दगडी ठोकळ्यांत आणि जे तर्काने बांधलं ते वेगळ्या रंगात.

तिसरा धोका, बारीक नकाशे चुकीच्या हातात जाण्याचा. गुप्तधनाच्या लोभाने खणणाऱ्यांना जागा दाखवायची नाही, हे खरं. पण एक मीटरच्या ठोकळ्यात दिसणारं बहुतेक सगळं गडावर जाणाऱ्या कोणालाही दिसतंच. नाजूक जागा वगळून बाकीचं खुलं करता येईल.

आता लगेच काय करता येईल?

सरकारी मापांची वाट पाहत बसायची गरज नाही. अख्खा गड नको, एक भाग घ्या. पाली दरवाजा घ्या. टेप घेऊन रुंदी, उंची, पायऱ्या मोजा. चहूबाजूंनी मोबाइलने फोटो काढा. फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करणारी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. माइनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो. शाळेला ते परवडत नसेल, तर लुआंटी नावाचा, आधी माइनटेस्ट म्हणून ओळखला जाणारा, ठोकळ्यांचा गेम मोफत आणि मुक्त आहे. जीपीएसवर मात्र विसंबू नका. मोबाइलचा जीपीएस काही मीटरने चुकतो, म्हणजे तेवढे ठोकळे इकडचे तिकडे.

तसं पाहिलं तर ही सवय आपल्याला नवी नाही. दिवाळीत माती कालवून, वर हळीव पेरून, मावळे मांडून आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलो आहोत. अंगणातला किल्ला अंदाजानेच करायचा असतो. तुळशीच्या लग्नापर्यंत तो टिकला तरी पुष्कळ. ठोकळ्यांतला गड मात्र टिकतो, आणि दुसऱ्या गावातला कोणीतरी त्याला पुढचा बुरूज जोडू शकतो.

त्यासाठी दोघांकडे एकच नकाशा हवा. एंटरप्राइजच्या चाहत्यांकडे तो १९९६ पासून आहे. राजगडाचा त्याच बारकाईचा, सर्वांसाठी खुला नकाशा संचालनालयाच्या संकेतस्थळावर आला, तर भुतोंड्यातली मुलं अळू दरवाज्यापासून सुरुवात करतील आणि गुंजवण्यातली चोर दरवाज्यापासून. बालेकिल्ल्यापाशी त्यांचे ठोकळे जुळतात का, ते तेव्हा बघता येईल.