भरलेले पेन आणि जुनी सिरिंज

गेल्या तुरीच्या मळणीतली गोष्ट. आमच्या शेजारच्या आबांना मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचावे लागते. डॉक्टरांनी त्यांना औषध भरलेले पेन लिहून दिले आहे. त्या संध्याकाळी पेनला लावायच्या सुया संपल्या आणि तालुक्याला जायला कोणी मोकळे नव्हते. थोरल्या सूनबाईंना आठवले, की फडताळात पूर्वीची, बाटलीच्या वेळची सिरिंज आहे. तिने पेनमधलेच औषध ओढले, नेहमीप्रमाणे २० च्या खुणेपर्यंत, आणि टोचले. मळणीच्या घाईत जेवायलाही उशीर झाला. तास-दीड तासात आबा घामाने निथळले, हातपाय कापू लागले, बोलणे तुटक झाले. शुद्ध होती म्हणून साखरपाणी पाजता आले. रात्रीच जीप करून दवाखाना गाठला, म्हणून आबा वाचले.

सूनबाईंचे चुकले कुठे? हात स्वच्छ होते, खूण बरोबर होती. चुकला तो हिशेब. आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची. पेनमधले औषध बहुधा १०० युनिटचे, म्हणजे अडीचपट कडक. २० च्या खुणेला आबांच्या अंगात ५० युनिट गेले! म्हणून मायबहिणींनो, पेनमधले औषध सिरिंजने कधीही ओढू नका. सुयांचे एक पाकीट नेहमी शिलकीत ठेवा. तरीही संपल्याच, तर आधी डॉक्टरांना फोन करा.

आता टोचण्याची रीत. साबणाने हात धुवा. पेनवरचे नाव आणि मुदत वाचा. घरात दोघांना मधुमेह असेल, तर पेन दोन हवीत. सुई बदलली तरी एकाचे पेन दुसऱ्याला चालत नाही, कारण रक्ताचा अंश आत जाऊ शकतो. औषध दुधाळ जातीचे असेल, तर पेन तळहातांत १० वेळा हलके फिरवा आणि १० वेळा वर-खाली करा. जोराने घुसळू नका. औषध पाण्यासारखे स्वच्छ जातीचे असेल आणि ते गढूळ दिसले, तर वापरू नका.

दर वेळी नवी सुई लावा. २ युनिट लावून, सुई वर धरून बटण दाबा. टोकाला थेंब आला म्हणजे वाट मोकळी आहे. थेंब आला नाही, तर पुन्हा करा. मगच सांगितलेला डोस लावा आणि आकडा मोठ्याने वाचा.

जागा पोटाची, मांडीच्या पुढल्या-बाहेरच्या अंगाची. पोटावर बेंबीपासून दोन बोटे दूर राहा. रोज जागा थोडी सरकवा. एकाच ठिकाणी टोचत राहिले, की गाठ बनते आणि तिथे औषध नीट भिनत नाही. ४ मिलिमीटरची सुई सरळ टोचायची. माणूस फार कृश असेल, तर कातडी अलगद चिमटीत धरावी. बटण पूर्ण दाबून सावकाश १० आकडे मोजा, मग सुई काढा. चोळू नका.

वापरलेली सुई पेनवर ठेवू नका. मोठे टोपण जपून लावून ती फिरवून काढा आणि झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाका. उकिरड्यावर तर मुळीच नको. उकिरड्याचे खत शेतात जाते आणि शेतात आपण अनवाणी फिरतो. डबा भरत आला, की आरोग्य केंद्रात विचारून द्या.

न वापरलेली पेने फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले औषध निकामी होते. चालू पेन घरातल्या थंड जागी ठेवा. बरीचशी पेने उघडल्यावर २८ दिवस चालतात, पण आपल्या पेनचा कागद वाचून घ्या. चुलीजवळ, पत्र्याखाली किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत पेन ठेवू नका. फ्रिज नसेल, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवा आणि पेन घट्ट झाकणाच्या डबीत घालून आत ठेवा. मडके सावलीत, वाऱ्याला असावे.

आणखी एक. टोचले आणि जेवण राहिले, असे होता कामा नये. एकादशीचा उपवास असो, की सुगीचे जास्तीचे कष्ट, डोसाबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. घाम, कंप, घाबरल्यासारखे होणे, भांबावणे ही साखर उतरल्याची खूण. लगेच ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही, तर पुन्हा द्या. मग भाकरी-भात काही खाऊ घाला. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आबांच्या सूनबाईंना कोणी बोल लावू नये. दोन्ही औषधांचे माप वेगळे असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आता तिने जुनी सिरिंज टाकून दिली आहे आणि फडताळाच्या दारावर कागद डकवला आहे: ‘पेनला पेनचीच सुई. आधी थेंब, मग डोस. टोचले, की ताट.’ आपल्या घरातही असा कागद लावा.